पोट फुगलेली गिटार

"अहो, नाक काढा आता बाहेर," ह्ये-रान हळूच म्हणाली. "आजी बघतायत."

यॉम ग्योंग-सिकने गिटारच्या भोकातून नाक बाहेर काढलं. जुनी गिटार घेताना आधी तिच्या पोटातला वास घ्यायचा असतो, असं त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. बुरशीचा वास आला, की नमस्कार करून उठायचं. इथे वास आला तो सुक्या लाकडाचा, जुन्या मेणाचा आणि कुठेतरी मागे, कोठीत टांगलेल्या मिरच्यांचा. म्हणजे वस्तू अगदी हवी तशी जपलेली होती. ग्योंग-सिकच्या छातीत धडधड सुरू झाली, आणि म्हणून त्याने कपाळाला भरगच्च आठ्या घातल्या.

या आठ्यांचा सराव तो वोन्जूहून निघाल्यापासून करत होता. जोंगसोनच्या डोंगरातला रस्ता वळणावळणाचा, त्यात बर्फ पडलेलं. तरी तो मधूनमधून गाडीच्या आरशात बघून चेहरा पाडायची तालीम करत होता. "काय वाट्टेल ते झालं तरी कौतुक करायचं नाही," त्याने बायकोला बजावलं होतं. "आपण खूश झालो, की विकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. मग ते म्हणतात, थांबा, पोरांना विचारून सांगतो. आणि पोरं इंटरनेटवर बघतात. संपलं! सांगितलेली किंमतसुद्धा लगेच मान्य करायची नाही."

"किंमत तर चष्म्याच्या एका चांगल्या फ्रेमएवढी आहे," ह्ये-रान म्हणाली. त्यांचं वोन्जूला चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे दोघं कुठल्याही रकमेचा विचार फ्रेमांत करत. "तेवढ्यासाठी त्या म्हाताऱ्या बाईसमोर नाक मुरडायचं?"

"पैशांसाठी नाही गं. भीतीपोटी."

भीती खरी होती. ग्वाक उस्तादांनी पन्नास वर्षांपूर्वी सोलच्या एका गल्लीत हाताने घडवलेल्या गिटारी आता शोधूनही सापडत नव्हत्या. कॉलेजात असताना, नदीकाठच्या एका सहलीत, ग्योंग-सिकच्या हाती अशी एक गिटार एका संध्याकाळपुरती आली होती. तो वाजवत असताना एक मुलगी थांबून ऐकत राहिली आणि पुढे तिने त्याच्याशी लग्न केलं. ह्ये-रानच्या मते ती मुलगी शेकोटीत घातलेलं मक्याचं कणीस भाजून होण्याची वाट बघत थांबली होती. काहीही असो, त्यानंतर ग्योंग-सिकने गिटारी पुष्कळ घेतल्या, पुष्कळ विकल्या, आणि तो आवाज काही त्याला पुन्हा मिळाला नाही. तो मिळाल्याशिवाय म्हातारं व्हायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण म्हातारपण त्याच्यासाठी थांबायला तयार दिसत नव्हतं. मग गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने चष्मा लावून बघता बघता सांगितलं, की गावाकडे आपल्या मावशीच्या मागच्या खोलीत अशीच एक गिटार पडून आहे, आणि मावशी खोली रिकामी करते आहे.

मावशी म्हणजे समोर गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या ओकबुन आजी. गिटार त्यांच्या धाकट्या दिराची. तो तरुणपणी कॅनडाला गेला तो तिकडचाच झाला, आणि जाताना "वहिनी, हिला जप" एवढंच म्हणून गेला. मागच्याच वर्षी त्याने फोनवर सांगितलं होतं, की आता माझी बोटं वाकली, कुणी वाजवणारा भेटला तर देऊन टाक. आजींनी ती उत्तरेच्या बिनचुलीच्या थंड खोलीत ठेवली होती, कारण तिथे पाय लागायची भीती नव्हती. गिटारसाठी त्याहून चांगली जागा अख्ख्या गावात नव्हती, हे आजींना ठाऊक नव्हतं आणि ग्योंग-सिक त्यांना सांगणार नव्हता.

त्याने दुकानातून आणलेली छोटी बॅटरी काढली, लांब दांड्याचा आरसा काढला आणि दोन्ही गिटारच्या पोटात घातले. आतल्या पट्ट्या जिथल्या तिथे. ग्वाक उस्तादांचा लाल शिक्का परवा मारल्यासारखा. मग गिटार बंदुकीसारखी डोळ्याशी धरून त्याने मान सरळ आहे का ते पाहिलं. सरळ! ढिल्या पडलेल्या तारा त्याने हळूहळू आवळून सुरात आणल्या आणि अंगठ्याने एकदाच, सगळ्यात जाड तार छेडली.

तो आवाज ऐकून ह्ये-रान म्हणाली, "अगंबाई!"

ग्योंग-सिकने तिच्याकडे असं बघितलं, की तिने पुढचं वाक्य गिळलं.

"काय झालं? बिघडलीय का हो साहेब?" आजींनी घाबरून विचारलं.

"आता काय सांगू, आजी," ग्योंग-सिकने सुस्कारा सोडला. "पोट फुगलंय हिचं."

"अगं आई! पोट?"

"हा जो पुढचा पत्रा आहे ना, लाकडाचा, तो वर आलाय. मान पण आखडलीय. आणि ही पट्टी बघा, तारा बांधल्यात ती. ही आज ना उद्या सुटणार."

"पण कशानं झालं म्हणायचं असं?"

इथे ग्योंग-सिकने गप्प बसायला हवं होतं. पण आजी इतक्या काळजीने विचारत होत्या, की काहीतरी कारण देणं भाग पडलं, आणि त्याला पहिलं सुचलं ते तो बोलून गेला.

"थंडी," तो म्हणाला. "थंड खोलीत राहिली ना इतकी वर्षं. गारठा शिरलाय अंगात."

ओकबुन आजींचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी गिटारच्या पाठीवर आजारी नातवाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला. "खरंच गार पडलीय हो," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षातच आलं नाही. बरं, किमतीचं जेवणानंतर बोलू. आधी दोन घास खाऊन घ्या. राहू दे तिला इथेच, कोणी हात लावत नाही."

पलीकडच्या खोलीत पानं मांडली होती. डोंगरातली पालेभाजी घालून शिजवलेला भात, बटाट्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, कोबीची मुरलेली किमची. आजींचे यजमान, नामगुंग आजोबा, आधीच बसले होते. बोलण्याची त्यांना फारशी सवय नव्हती. पाहुण्यांना पाहून त्यांनी मान हलवली, भात संपवला, पुन्हा मान हलवली आणि उठून बाहेर गेले.

"पाहुणे आलेत ना, मघाशी बसलात त्या खोलीची चूल पेटवतायत," आजींनी सांगितलं. "जेवून जरा आडवे व्हा तिथं. पाठ शेकली की बरं वाटतं."

ग्योंग-सिकला घाई होती, पण गोळे फार चवदार होते. शिवाय भाव पाडायची पूर्वतयारी म्हणून तो जेवतानाही गिटारला नावं ठेवत होता. लाकूडच हलकं, खुंट्या झिजलेल्या, दुरुस्तीला टाकली तर कारागीर दारात उभं करणार नाही. प्रत्येक दोषासरशी आजी त्याच्या पानात आणखी एक गोळा वाढत होत्या. मधेच "आले हं जरा" म्हणून त्या उठल्या, पलीकडे गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज झाला, आणि समाधानाने परत येऊन बसल्या. आजोबा बाहेर लाकडं फोडत होते.

"पुरे की आता," ह्ये-रान नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली. "गिटार विकत घ्यायचीय का तिच्यावर खटला भरायचाय?"

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. आधी कोणीतरी जोरात सुस्कारा टाकावा तसा, मग फाटकन, आणि मागोमाग सगळ्या तारा एकदम किंचाळल्या.

ग्योंग-सिक हातातल्या चमच्यासकट धावला.

खोलीत पाऊल ठेवताच त्याचे तळवे भाजले. तिथली घरं जमिनीखालून तापतात. चुलीचा जाळ फरशीखालून फिरतो, आणि चुलीकडचा कोपरा तर तव्यासारखा होतो. घरातल्या मानाच्या माणसाला तिथे बसवतात. पूर्वी नवरा उशिरा यायचा असला, की त्याच्या भाताचा वाडगा बायका त्याच कोपऱ्यात गोधडीखाली झाकून ठेवत. आजींच्या त्या कोपऱ्यात आता गिटार होती. खाली गादी, वर फुलाफुलांची जाड गोधडी गळ्यापर्यंत ओढलेली, आणि मानेखाली उशी.

ग्योंग-सिकने गोधडी उचलली. गिटारचं पोट फुगलं होतं. मान आखडली होती. आणि उष्णतेने डिंक वितळून, तारा बांधायची पट्टी मुळापासून उखडून तारांना लोंबकळत होती. तारा तर त्यानेच आवळून ठेवल्या होत्या. जेवायला उठताना ढिल्या करायच्या, हे नवशिक्यालाही कळतं. पण तो तेव्हा आठ्या सांभाळण्यात गुंतला होता.

मागून आजी आल्या, त्यांनी पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"पोट, मान, पट्टी," त्या एकेक बघत म्हणाल्या. "जसंच्या तसं! अहो, काय नजर आहे तुमची! डॉक्टरसुद्धा इतकं अचूक सांगत नाही."

ग्योंग-सिकने लोंबकळती पट्टी तळहातावर धरली.

"मी म्हटलं, थंडी शिरलीय तर जरा शेक द्यावा. पण आजार फारच पुढे गेलेला. बरं झालं बाई, तुमचे पैसे घ्यायच्या आधी कळलं. नाहीतर वोन्जूच्या माणसाला फसवलं म्हणून मला झोप लागली नसती." आजींनी खिडकीतून हाक मारली, "अहो! ही मोडली. चुलीत घाला!"

नामगुंग आजोबा आत आले. लाकडाची मोडकी वस्तू चुलीत घालायची, यात विचार करण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी गिटार उचलली आणि अंगणातून चुलीकडे चालायला लागले. ग्योंग-सिक मोज्यांनिशीच बर्फात उतरला आणि त्यांच्या आडवा उभा राहिला.

"थांबा, आजोबा! मी घेतो. सांगितलेल्या किमतीत घेतो. एक पैसा कमी करू नका!"

आजोबा थांबले. दारातून आजींचा आवाज आला, आणि या वेळी त्यात गोडवा नव्हता.

"साहेब, धडधाकट होती तेव्हा तुम्ही एवढी नावं ठेवलीत. आता मोडली, तर पूर्ण पैसे? आम्ही गरीब दिसतो का तुम्हाला? दया करायला आलात?"

"तसं नाही, आजी!"

"तसंच आहे. भीक नको आम्हाला."

ग्योंग-सिकने बायकोकडे पाहिलं. ह्ये-रान त्याचे बूट हातात घेऊन दारात उभी होती. "खरं बोला," ती म्हणाली. "दुसरं काही उरलं नाही."

मग तो खरं बोलला. बर्फात मोज्यांवर उभं राहून एका दमात बोलला. गिटारमध्ये काहीही खोट नव्हती. पोट सपाट होतं, मान सरळ होती, थंड खोलीनेच ती इतकी वर्षं टिकली. आपण नावं ठेवली ती निव्वळ भीतीने, तुम्ही विकायचं रद्द कराल म्हणून. इतकी सुंदर गिटार आपण आयुष्यात दुसऱ्यांदाच पाहिली.

एवढं बोलल्यावर त्याला हलकं वाटलं. तेही पुरतं क्षणभरसुद्धा टिकलं नाही. कारण नामगुंग आजोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"म्हणजे, चांगली होती?"

"उत्तम होती!"

"म्हणजे आम्ही मोडली."

ओकबुन आजी दारातल्या लाकडी कट्ट्यावर मटकन बसल्या. "भावोजी म्हणाले होते, वहिनी, हिला जप," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "जपली. एवढी वर्षं जपली आणि शेवटच्या दिवशी मीच भाजून मारली." मग त्यांनी पदर नसल्यामुळे हाताच्या पाठीनेच डोळे पुसले आणि उठल्या. "पाहुण्यांनी घेतो म्हटलेली वस्तू आम्ही मोडली. भरपाई द्यायला हवी. अहो, मागच्या अंगणातली सोयाबीनच्या पेस्टची बरणी आणा. मोठी आणा. बटाट्याचं पोतं पण. आणि ती तांबडी कोंबडी."

"आजी, कोंबडी नको!" ग्योंग-सिक ओरडला.

"मग दोन घ्या."

आजोबा खरंच कोंबड्यांच्या खुराड्याकडे वळले, गिटार काखेतच. इतका वेळ त्याला गिटारचं वाईट वाटत होतं; आता आजींचा चेहरा बघून त्याला गिटार दिसेनाशीच झाली. आपण खरं बोललो ते स्वतःचं मन हलकं करायला, आणि ते ओझं उचलून या म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं, हे त्याला लख्ख कळलं. आता ते उतरवायला एकच उपाय होता.

"आजी," तो म्हणाला, "मी आत्ता खोटं बोललो."

"म्हणजे?"

"मघाशी बोललो ते खरं होतं. आत्ताचं खोटं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून चांगली होती म्हणालो. गिटार मुळातच गेलेली होती. हे बघा!" त्याने आजोबांच्या काखेतली गिटार घेऊन उखडलेल्या पट्टीखालची जागा दाखवली. "डिंक बघा कसा सुकलाय. हे आजचं नाही, जुनं दुखणं आहे. माझ्या दुकानातल्या भिंतीवर टांगली असती तरी उद्या गळून पडली असती."

"खरं?"

"बायकोची शपथ."

ह्ये-रानने शपथेचं काही मनावर घेतलं नाही. आजी त्याच्या डोळ्यांत बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरला. "म्हणजे माझ्या हातून नाही झालं."

"अजिबात नाही."

"बघा हो," आजी नवऱ्याला म्हणाल्या, "म्हटलं ना, अचूक नजर आहे यांची. उगीच घाबरले मी." त्यांच्या जिवात जीव आला आणि आवाजही पूर्वीसारखा झाला. "मग राहू दे ती बरणी. टाका हिला चुलीत."

नामगुंग आजोबांनी ग्योंग-सिकच्या हातातून गिटार परत घेतली. घेताना त्यांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ते चुलीकडे निघाले. ग्योंग-सिक जागचा हलला नाही. आता "थांबा" म्हणायचं, तर आजींनी विचारलं असतं, का? आणि त्याच्याजवळ त्याचं उत्तर उरलं नव्हतं. आजोबा फार सावकाश चालत होते, त्यामुळे तर आणखीच जीव जात होता.

"आजोबा," ह्ये-रान म्हणाली, "ती पेटी मला द्याल?"

सगळे तिच्याकडे वळले.

"गॅलरीत मला कांदे ठेवायला काहीतरी हवंय," ती शांतपणे म्हणाली. "खोक्यात कुजतात. हिला हवा खेळायला भोकही आहे. यांचं काही ऐकू नका, यांना भंगारातलं काही कळत नाही."

"कांदे!" आजींना हसू फुटलं. "घे की, पोरी. पण पैसे नाही घ्यायची मी."

"पैसे नकोच. पण फुकट नेली तर आमच्या घरात कांदे टिकायचे नाहीत. तुमचे दोघांचे डोळे हे आत्ता तपासतील आणि चष्मे आम्ही करून पाठवू. त्या गोधडीची टीप सुटलीय, ती दिसलीच नाही तुम्हाला."

हा व्यवहार आजींना पटला. कांद्याच्या पेटीवर दोन चष्मे, म्हणजे आपलाच फायदा, असं त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं. ग्योंग-सिकने गाडीतून तपासणीच्या भिंगांची पेटी आणून दोघांचे डोळे तपासले. त्याचा हात इतका थरथरत होता, की आजोबांनी शेवटी त्याचं मनगट धरून ठेवलं.

निघताना आजींनी गिटार त्याच फुलाफुलांच्या गोधडीत गुंडाळून ह्ये-रानच्या मांडीवर दिली. सोयाबीनच्या पेस्टची बरणी नाही म्हणता म्हणता डिकीत येऊन बसलीच.

पहिल्या घाटात ग्योंग-सिक म्हणाला, "तू नसतीस तर—"

"दुरुस्त होईल का?"

"होईल. लाकूड शाबूत आहे, फक्त डिंक सुटलाय. चांगला कारागीर पोट बसवेल, पट्टी चिकटवेल. आवाज तोच राहील." त्याने स्टिअरिंगवर थाप मारली. "ह्ये-रान, मी ती वाजवणार!"

"विचारून वाजवा. गिटार माझी आहे. तुम्ही तर दोन वडीलधाऱ्यांसमोर शपथेवर सांगितलंय, की ती भंगार आहे."

"बरं, विचारून."

"आणि चष्मे द्यायला आपण स्वतः यायचं. ती दुरुस्त करून, सोबत घेऊन. आजींना वाजवून दाखवायची, आणि मग काय झालं ते सगळं सांगायचं. मोडलेली वस्तू समोर असताना खरं ऐकणं निराळं आणि वाजत असताना निराळं."

ग्योंग-सिकने गाडीचा वेग कमी केला. "आणि त्यांनी परत मागितली तर?"

"तर द्यायची."

ग्योंग-सिकने एक वळण घेतलं, मग दुसरं. शेवटी म्हणाला, "द्यायची," आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"बरं, तिची खरी किंमत किती असेल?" ह्ये-रानने विचारलं.

ग्योंग-सिकने सांगितली. फ्रेमांत सांगितली, म्हणजे तिला नीट कळावं. दुकानातल्या समोरच्या भिंतीवरच्या सगळ्या, आणि शोकेसमधल्या वेगळ्या.

ह्ये-रान एकदम सावरून बसली. तिने गोधडीची टोकं गिटारभोवती घट्ट खोचली, हात पुढे केला आणि गाडीचा हीटर बंद केला.

"अगं, बाहेर बर्फ आहे!"

"उष्णतेनं काय होतं ते बघितलंत ना?"

खिडकीच्या काचा आतून गोठायला लागल्या. दुसऱ्या घाटापर्यंत ग्योंग-सिकचे दात वाजू लागले, आणि तिसऱ्या घाटात त्याला स्टिअरिंगवरची बोटं जाणवेनाशी झाली. त्याने चोरून बाजूला पाहिलं. ती गोधडी चांगली जाड होती.

"ह्ये-रान," तो म्हणाला, "अर्धी गोधडी तरी माझ्या पायांवर टाक."

"गप्प गाडी चालवा," ह्ये-रान म्हणाली. तिचंही नाक थंडीने लाल झालं होतं. "ती तिची आहे."